उजव्या पंखावरचा तारा

१

हे मी लिहिणारच नव्हतो. टाइपरायटरमध्ये कागद घातला, काढला, चुरगळला, परत घातला. एक तर मी लेखक नाही. सेज थिएटरमध्ये प्रोजेक्टर चालवतो, आणि तेही कुणी शिकवलेलं नाही, मशीन उघडून बघत बघत शिकलो. दुसरं म्हणजे ज्याने चोरी केली ते माणूस मला अजूनही आवडतं. आणि तिसरं, हे वाचल्यावर आमच्या सोडा फ्लॅट गावातली निम्मी माणसं माझ्याशी बोलणं टाकतील. पण त्यातल्या बऱ्याच जणांनी आधीच टाकलंय. मग भ्यायचं कशाला?

तर हा यंदाचा, सत्त्याहत्तर सालचा उन्हाळा. शनिवारी सकाळी मी 'पाठीशी सूर्य'ची ट्रायल लावली होती.

हा सिनेमा तुम्ही पाहिला नसेल. कुणीच पाहिलेला नाही. बावन्न साली आमच्या गावाबाहेरच्या कोरड्या तळ्यावर त्याचं शूटिंग झालं. लढाऊ वैमानिकांचा सिनेमा. खरी मस्टँग विमानं, उडवणारे खरे वैमानिक. शूटिंगमध्ये त्यातला एक मेला, आणि हॉलिवूडवाल्यांनी त्याचं मरण कापून न टाकता सिनेमातच ठेवलं. पेपरवाल्यांनी बोंब मारली, तेव्हा स्टुडिओने घाबरून सिनेमाच गुंडाळला. पण मला विचाराल तर विमानांचा इतका खरा सिनेमा दुसरा नाही. यात हिरो भाषण ठोकत नाही. माणसं विमानातून उतरतात तेव्हा त्यांचे पाय लटपटतात, आणि कॅमेरा पायांवरच राहतो.

आमचा मालक गस लिंडक्विस्ट याच्याकडे त्याची प्रिंट होती. त्या सिनेमात उडालेल्या वैमानिकांचा मेळावा दरवर्षी आमच्या विमानतळावर भरतो. पंचवीस वर्षं झाली म्हणून या वेळी रविवारी दुपारी सिनेमा दाखवायचं ठरलं होतं.

पाचव्या रिळात तो प्रसंग येतो. मला पाठ होता. आधी कॉकपिटमधला हिरोचा चेहरा. तो रेडिओवर म्हणतो, "घरी भेटू, पोरांनो." मग दोन मस्टँग शेजारी शेजारी, कॅमेरा त्यांच्या मागे, जरा वर. उजव्या पंखावरचे पांढरे तारे उन्हात लखलखतात. आता दोघांनी दोन बाजूंना फुटायचं. पण उजवीकडचं विमान बाहेर न जाता डावीकडे वळतं आणि शेजारच्याच्या अंगात घुसतं. धूर. रिकामं आभाळ. आणि मग जमिनीवरचा कमांडर विचारतो, "कोण होतं ते?"

त्या सकाळी मी "घरी भेटू, पोरांनो" ऐकलं. डोळ्याची पापणी लवावी इतकाच वेळ धुरकट आभाळ दिसलं. आणि एकदम कमांडरचा चेहरा. "कोण होतं ते?"

मधली विमानंच नव्हती.

मी मशीन थांबवलं, रीळ हातात घेतलं. ताजा जोड. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून नेला होता.

खालून गस धावत वर आला. धापा टाकत त्याने जोड पाहिला आणि म्हणाला, "चोर घाईत होता. बघ, थोडं आभाळ राहून गेलंय." मग दाराकडे बघून ओरडला, "हे टिप्टनच्या पोरीचं काम! दुसरं कोण?"

२

टिप्टनची पोरगी म्हणजे लॉरेटा. माझी मैत्रीण. जो मेला तो वेस टिप्टन हिचा बाप. तेव्हा ही पाळण्यात होती.

मी गाडी काढली आणि विमानतळावर गेलो. लॉरेटा शेतांवर औषध फवारायचं विमान चालवते, पण मेळाव्याच्या आठवड्यात हॅल ब्रॅनिगनचं जुनं मस्टँग रंगवून देते. डाव्या पंखावर मांडी घालून बसली होती, तोंडात ब्रश, समोर अर्धवट पांढरा तारा.

"तुकडा कापला म्हणे मी," माझ्या आधीच ती म्हणाली. "गसने फोन केला हॅल अंकलला. तुझ्या खटाऱ्यापेक्षा फोन जोरात धावतो, नेटो."

"कापलास का?"

"मी कापला असता तर तुकडा कशाला? अख्खं रीळ जाळलं असतं, वर त्या आगीवर सॉसेज भाजले असते." ब्रश डब्यात आपटला. "मी तो प्रसंग कधी बघितलेलासुद्धा नाही. बाप मरताना बघायचा, तोही पॉपकॉर्न खात? आई मरेपर्यंत तिनेही पाहिला नाही."

तिच्या मागे हँगरचं मोठं करडं दार होतं. त्यावर पांढऱ्या रंगात नावं. सिनेमासाठी उडणारा वैमानिक गेला की मेळाव्यात त्याचं नाव त्या दारावर लिहितात. विमानात मेलेला असो नाहीतर अंथरुणात. फक्त एका माणसाचं लिहीत नाहीत. ठरलेला बेत आभाळात मोडून सोबत्याच्या अंगावर गेलेल्याचं. म्हणून त्या दारावर वेस टिप्टन नाही.

बेत साधा होता. डावीकडे हॅल ब्रॅनिगन, म्होरक्या. उजवीकडे वेस, त्याचा जोडीदार. हॅलने डावीकडे फुटायचं, वेसने उजवीकडे. चौकशीत सगळ्यांनी सिनेमाचा तुकडा बघितला, उजवीकडचं विमान डावीकडे वळलेलं दिसलं. खटला संपला. हॅल पॅराशूटने उतरला, डोकं फुटलं पण वाचला. तोच आता मेळाव्याचा अध्यक्ष, विमानतळाचा मालक, आणि लॉरेटाला विमान शिकवणारा.

"उद्या सिनेमा झाला की समिती बाबांचा अर्ज ऐकणार होती," लॉरेटा म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हॅल अंकलने आत्ता येऊन सांगितलं, तुकडा मिळाला नाही तर अर्ज नाही. चोरट्या पोरीच्या बापाचं नाव दारावर चढत नसतं म्हणे."

"मग?"

ती पंखावरून खाली उडी मारून उतरली. हात पँटला पुसले.

"मग काय? चोर पकडायचा. ट्रायल कोणी कोणी पाहिली?"

"मी आणि गस. बस. गसने मला कुणाला दाखवायची नाही म्हणून बजावलंय."

"तूही सांगू नकोस कुणाला त्यात काय दिसतं ते. चल."

३

शुक्रवारी संध्याकाळी थिएटरात पाहुण्यांचं स्वागत होतं. डोनट, कॉफी, माझ्या आईने दिलेली, मक्याच्या पानांत उकडलेल्या तमालेची टोपली. तेव्हा प्रोजेक्टरची खोली बघायला चिक्कार लोक वर येऊन गेले, पण एकट्याने मागे रेंगाळलेले तिघंच. गस स्वतः. हॅल. आणि लॉस एंजलिसहून आलेल्या मिसेस इमोजीन प्रॅथर, ज्यांनी तो सिनेमा एडिट केला होता. बारीकशा, ताठ, पिकल्या केसांच्या. मला फार आवडल्या. तासभर बोलत बसल्या होत्या.

आधी गस. तो तिकिटाच्या खिडकीत पंख्यासमोर बसला होता.

"मी माझीच प्रिंट कापीन? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" तो लॉरेटावर खेकसला.

"तुम्हाला जोडता येतं की फिल्म."

"येतं! माझा जोड बघितलायस? पडद्यावर घोड्याने उडी मारावी तसा धाडकन जातो. विचार या नेटोला."

खरं होतं ते. गसचा जोड म्हणजे रस्त्यातला खड्डा.

"आणि हॅलने काल तुम्हाला कोपऱ्यात घेऊन काय सांगितलं?" लॉरेटाने विचारलं. मला हे ठाऊकच नव्हतं. हिने डोनट खाता खाता पाहिलेलं.

गसने पंख्याची दिशा बदलली. "तो म्हणाला, पाचवं रीळ वगळता येईल का. मी म्हटलं नाही. बस. आता जा, मला मक्याच्या लाह्या भरायच्यात."

"हॅलच," बाहेर आल्यावर मी म्हटलं.

"इतक्यात फाशी देऊ नकोस."

हॅल कॅफेत अंडी खात बसला होता. मोठा माणूस, कपाळावर जुनी खूण, गावात शिरल्यावर कुत्रीही शेपूट हलवतात असा. त्याने लॉरेटाला बसायची खूण केली.

"हॅल अंकल, तुम्हाला ते रीळ नको होतं."

"नको होतं. आणि गेलं ते बरं झालं असंही म्हणेन." त्याने टोस्ट मोडला. "मला त्या दिवसाचं काही आठवत नाही, पोरी. सकाळची कॉफी आठवते, मग दवाखान्याचं छत. मधलं सगळं चौकशीवाल्यांनी मला दाखवलं, पडद्यावर. ते एकदाच पाहिलं आणि पुरलं. वेस माझा भाऊ होता."

"भावाचं नाव दारावर का नाही मग?"

"नियम आहे. मी केलेला नाही."

"मोडताही नाही."

"जिभेला लगाम घाल, लॉरेटा."

"तो तुम्ही शिकवायचा विसरलात. फक्त विमान शिकवलंत."

ती उठली. बाहेर येऊन गाडीच्या तापलेल्या टपावर थाड करून हात मारला. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"तो खरं बोलतोय," ती म्हणाली. "मला हे आवडत नाहीये, पण तो खरं बोलतोय. नेटो, मला ती ट्रायल दाखव. जोडापुरतीच."

४

मी पाचवं रीळ लावलं. घरी भेटू, पोरांनो. पापणीभर आभाळ. कोण होतं ते?

"परत."

परत लावलं. आणि या वेळी माझ्या डोक्यात उजेड पडला. स्वतःच्या कपाळावर मारून घ्यावंसं वाटलं.

फिल्मचं असं असतं. चित्र जिथे असतं तिथे त्याचा आवाज नसतो. आवाजाची पट्टी चित्राच्या थोडी पुढे छापलेली असते, कारण मशीनमध्ये दिवा वर आणि आवाज वाचणारा भाग खाली. त्यामुळे चित्र बघून तुकडा कापला, जसा मी किंवा गस कापेल, तर पुढच्या चित्राचा थोडा आवाज सोबत जातो. कमांडरचा पहिला शब्द गिळला जायला हवा होता. "होतं ते?" एवढंच ऐकू यायला हवं होतं.

पण "कोण" स्वच्छ ऐकू येत होतं.

"ते आभाळ घाईत राहून गेलेलं नाही," मी म्हटलं. "मुद्दाम ठेवलंय. काप जरा मागे सरकवलाय, म्हणजे चित्र किंचित चुकलं तरी बोलणं तुटत नाही. चोरी करताना कुणाला पडलंय बोलणं तुटतंय का नाही?"

लॉरेटा हसली. त्या दिवशी पहिल्यांदा. "ज्याला आयुष्यात वाईट काप मारता आलेला नाही त्याला."

मिसेस प्रॅथर मोटेलच्या व्हरांड्यात पीच फळं भरलेला केक खात बसल्या होत्या. आम्हाला बघून खुर्च्या सरकवल्या. मी गप्प बसायचं असं आधीच ठरलं होतं, आणि गप्प बसणं मला फार जड जातं.

"चोरी झाली हे ऐकून वाईट वाटलं, पोरी," त्या म्हणाल्या. "कोण असेल?"

"कुणीतरी अडाणी," लॉरेटा आरामात म्हणाली. "खाटीक. मांस तोडावं तशी फिल्म तोडलीय. नेटोला विचारा. कमांडरचा पहिला शब्दच खाऊन टाकलाय. लोक हसतील उद्या."

मिसेस प्रॅथरच्या हातातला काटाचमचा बशीवरच थांबला.

"शक्य नाही," त्या म्हणाल्या.

"अहो, मी आत्ता ऐकून आले. 'होतं ते?' बस एवढंच."

"'कोण' पूर्ण ऐकू येतं!" त्यांचा आवाज चढला. "सगळं येतं, पहिल्या अक्षरापासून! मी..."

आणि तिथेच थांबल्या.

लॉरेटाने हळूच विचारलं, "तुम्ही ट्रायलला होता कुठे, मिसेस प्रॅथर?"

५

त्यांनी काटाचमचा खाली ठेवला. मग पर्समधून चष्म्याचं घर काढलं. आत चष्मा नव्हता. पांढऱ्या सुती हातमोज्यात गुंडाळलेली फिल्मची छोटी गुंडाळी होती.

"जाळून टाकायला हवी होती," मी न राहवून बोललो.

"कापलेला तुकडा फेकायचा नसतो, पोरा. पहिल्या दिवशी शिकवतात ते. हात धजला नाही." त्यांनी गुंडाळी टेबलावर ठेवली. "तुझा बाप मरताना लोकांनी परत बघावा हे मला सहन होईना, लॉरेटा. म्हणून घेतली. एवढंच."

तुकडा मिळाला होता. चोर मिळाला होता. आमचं काम संपलं होतं. मी उठायच्या बेतात होतो.

लॉरेटा उठली नाही. तिने गुंडाळी उचलली.  "बघून घेते," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. "या तुकड्यावर माझ्या बापाला गुन्हेगार ठरवलं. निदान एकदा बघायला हवा मला."

तिने फिल्म उलगडून उन्हाकडे धरली. एकेक चौकट खाली सरकवत गेली. मी तिचा चेहरा बघत होतो. आधी तो दगडासारखा होता. मग भुवया जवळ आल्या.

"डावीकडचं," ती पुटपुटली. "डावीकडचं विमान वळतंय."

मी डोकावलो. "अगं, उलटी धरलीयस. ती आवाजाची रेघ दुसऱ्या कडेला हवी. पालट, म्हणजे सिनेमात दिसतं तसं दिसेल."

तिने पालटली. बघितलं. परत पहिल्यासारखी धरली.

"नाही, नेटो," ती म्हणाली. "मी सुलटी धरलीय. सिनेमा उलटा आहे."

"काय?"

"तारा बघ. आपल्या लढाऊ विमानांना वरून एकच तारा असतो, डाव्या पंखावर. उजवा पंख वरून कोरा. खालून उलट. आज सकाळी मी कुठल्या पंखावर बसले होते? आता सिनेमात बघ." तिने फिल्म पालटली. "तारा उजव्या पंखावर! दोन्ही विमानांच्या! असं विमान अमेरिकेत कुणी रंगवलेलं नाही."

मला शुक्रवारच्या गप्पा आठवल्या. डोनट खाता खाता मिसेस प्रॅथर मला सांगत होत्या, सिनेमात आपली विमानं नेहमी डावीकडून उजवीकडे जातात, शत्रूची उजवीकडून डावीकडे. नाहीतर कोण कुणाला मारतंय हेच प्रेक्षकाला कळत नाही. मी विचारलं होतं, आणि शूटिंगवाल्यांनी चुकीच्या दिशेने घेतलं तर? त्या हसून म्हणाल्या होत्या, मग आम्ही फिल्म पालटतो, आरशात बघितल्यासारखी. कुणाला कळतं?

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी बशी लांब सारली.

"विमानं चुकीच्या बाजूला जात होती," त्या म्हणाल्या. "मी पालटली. रोजचं काम. मग चौकशीवाल्यांनी तुकडा मागितला, तर स्टुडिओने मूळ फिल्म न देता माझी एडिट केलेली दिली. मी साहेबांकडे गेले. म्हटलं, हे उलटं आहे, डावीकडचा वळलाय. साहेब म्हणाले, डावीकडचा जिवंत आहे आणि त्याच्यावर आपल्याला अजून सिनेमे काढायचेत. मेलेल्याला काय फरक पडतो?"

"आणि तुम्ही मूग गिळून बसलात."

"बसले. त्या काळी एडिटिंगच्या खोलीत बायका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. तोंड उघडलं असतं तर एक कमी झाली असती." त्यांनी लॉरेटाकडे सरळ बघितलं. "हे कारण आहे. माफी नाही. उद्या त्या थिएटरात मस्टँग उडवलेली माणसं बसणार, शांतपणे, रडणं-ओरडणं पंचवीस वर्षं मागे टाकून. कुणाला तरी तारा दिसणारच होता. मला भीती वाटली."

"मला नाही वाटत भीती," लॉरेटा म्हणाली. तिने गुंडाळी हातमोज्यात परत ठेवली आणि हातमोजा स्वतःच्या खिशात.

६

मी म्हटलं थेट थिएटरात दाखवू, हॅलला तिथेच कळू दे. लॉरेटाने मला असं झापलं की विचारू नका. "माझ्या बापाला न विचारता दोषी ठरवलं. मी तसं करणार नाही. चल."

हॅल हँगरच्या त्या नावांच्या दारासमोर खुर्ची टाकून बसला होता. लॉरेटाने फिल्म त्याच्या हातात दिली आणि एका दमात सगळं सांगितलं. त्याने ती उन्हाकडे धरली. पालटली. पुन्हा पालटली. कपाळावरची खूण लालभडक झाली.

"तुकडा मिळाला," तो शेवटी म्हणाला. "तुझा अर्ज ऐकू. मी स्वतः होकार देईन. वेसचं नाव उद्या दारावर चढेल. फक्त हे दाखवू नकोस."

 जे हवं होतं ते समोर ताटात वाढून ठेवलं होतं.

"म्हणजे त्याला माफ केलंत असं," लॉरेटा म्हणाली.

"नाव चढलं म्हणजे झालं ना?"

"नाही झालं. त्याने जे केलंच नाही त्याची माफी मला नको."

"मी म्हातारा माणूस आहे, लॉरेटा. मी मेल्यावर दाखव. काय हवं ते कर मग."

"मेल्यावर तुम्हाला उत्तर देता येणार नाही," ती म्हणाली. "ते एकाचं झालंय आधीच. तुमचं होऊ देणार नाही मी. जिवंत आहात तोवर दाखवीन, तोंडावर दाखवीन, आणि तुम्ही उभं राहून काय म्हणायचं ते म्हणा."

"मी तुला उडायला शिकवलं!"

"हो. म्हणूनच आधी तुमच्याकडे आले."

तिने हात पुढे केला. हॅलने फिल्म बराच वेळ सोडली नाही. ती ओढत नव्हती, नुसता तळहात पसरून उभी होती. त्याला वाटलं असतं तर ती त्याने बुटाखाली चिरडली असती, आणि आमच्याकडे दुसरी नव्हती.

शेवटी त्याने ती तिच्या हातावर ठेवली.

७

रविवारी दुपारी सेज थिएटर गच्च. समितीची माणसं पुढच्या रांगेत, जुनी चामडी जाकिटं घालून, त्या उकाड्यात. गसने मला सकाळीच सांगितलं होतं, तुकडा जागच्या जागी जोड आणि गुमान सिनेमा चालव. मी मान डोलावली होती. मान डोलावणं म्हणजे वचन नव्हे.

पाचव्या रिळात अपघात आला तसा आला. थिएटरात कुणीतरी हुंदका दिला. रीळ संपल्यावर मी सिनेमा थांबवला आणि दिवे लावले. लॉरेटा पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. खाली चुळबुळ सुरू झाली. "बस खाली, पोरी!" कुणीतरी ओरडलं.

"तुम्ही बसलायत ना, मग एकाने उभं राहायला हरकत नाही," ती म्हणाली. "आत्ता पाहिलंत ते परत बघा. या वेळी माणसांकडे नको. पंखांकडे बघा."

मी तो तुकडा परत सोडवून घेतला होता. आता तो पालटून मशीनमध्ये घातला, आवाज बंद केला, कारण उलट्या फिल्मला आवाज नसतो, नुसती खरखर. चित्र धूसर आलं. भिंग फिरवून ते स्वच्छ केलं.

दोन मस्टँग. डाव्या पंखावर तारे, जसे असायला हवेत तसे. डावीकडचं विमान उजवीकडे वळलं.

मुकं चित्र. धूर. आभाळ.

पुढच्या रांगेतला एक जण उठून उभा राहिला, बोट पडद्याकडे. "तारा," एवढंच म्हणाला, आणि मग ते सगळीकडे पसरलं, खुर्च्यांमधून, जिन्यापर्यंत. मिसेस प्रॅथर मागच्या दाराशी उभ्या होत्या. कुणी न विचारताच त्या म्हणाल्या, "मी पालटली होती. मला तेव्हाच माहीत होतं." त्यांचा आवाज अजिबात कापला नाही. नंतर लोक त्यांना काय काय बोलले. त्या सगळं ऐकत राहिल्या, निघून गेल्या नाहीत.

मग हॅल उठला. वरून मला फक्त त्याची पाठ दिसत होती.

"डावीकडे मी होतो," तो म्हणाला. टोपी घातली आणि चालत बाहेर गेला.

तुम्हाला वाटेल, झालं. समितीने लगेच दारावर नाव रंगवलं असेल. छे! समिती म्हणाली, अशा गोष्टी घाईत होत नाहीत, पुढच्या वर्षी मत घेऊ. हॅल त्यांचा देव होता. देवाला तडा गेला म्हणून ते लॉरेटावरच चिडले होते.

लॉरेटाने त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं. मग हँगरवर जाऊन शिडी लावली आणि भरदिवसा, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून, दारावर अक्षरं काढली. वेस टिप्टन.

बुधवारी त्यावर कुणीतरी करडा रंग फासला होता. तिने परत लिहिलं. शनिवारी परत फासला. काल दुपारी आम्ही परत तिथे होतो. ती वर, मी खाली शिडी धरून, रंगाचे शिंतोडे माझ्या डोक्यावर.

"हॅल अंकल आज सकाळी येऊन गेला," ती वरून म्हणाली. "फासलेल्या करड्या रंगाकडे बघत उभा होता. पुसणारा तो नाही."

"मग कोण?"

"असेल कोणी. त्यांच्याकडे करडा रंग भरपूर आहे." ब्रश डब्यात बुडवला. "सोमवारपासून मी फवारणीला उत्तरेकडे जातेय, नेटो. आठवडे लागतील. तोवर ते पुसून मोकळे होतील, आणि लोक म्हणतील, बघा, दमली पोरगी."

मी वर बघितलं. सूर्य तिच्या मागे होता, मला धड दिसत नव्हतं, पण मी बोललो, आणि आता इथे टाइप करून ठेवतो म्हणजे मला फिरता येणार नाही.

"तू बिनधास्त जा. ते जितक्यांदा पुसतील तितक्यांदा मी लिहीन. माझं अक्षर घाणेरडं आहे, लॉरेटा, पण वेस टिप्टन एवढं मला नीट लिहिता येतं."